कॉपी झाली, पण तपासली का?

१९९८ सालची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या ॲनिमेशनपटाचे काम जोरात सुरू होते. एके दिवशी कुणाकडून तरी फाइल पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली गेली. संगणकासमोर बसलेल्या तंत्रज्ञांना वुडी या पात्राच्या फाइल एकेक करून नाहीशा होताना दिसू लागल्या. धावपळ करून सर्व्हरचा वीजपुरवठा तोडेपर्यंत चित्रपटाचा सुमारे ९० टक्के भाग पुसला गेला होता.

पहिल्या धक्क्यानंतर सगळे थोडे सावरले, कारण बॅकअप होता. खरा धक्का त्यानंतर बसला. बॅकअप घेण्याची यंत्रणा काही काळापासून नीट चालतच नव्हती आणि ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. चित्रपट वाचला तो योगायोगाने. गॅलिन सस्मन या तांत्रिक प्रमुख नुकत्याच आई झाल्या होत्या आणि घरून काम करता यावे म्हणून त्यांनी चित्रपटाची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवली होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून कार्यालयात आणण्यात आला.

हा किस्सा चित्रपटसृष्टीत वारंवार सांगितला जातो आणि बहुतेक वेळा ‘बॅकअप ठेवा’ या उपदेशावर संपतो. पण बॅकअप तर तिथेही होता. नव्हती ती त्याची तपासणी. चित्रीकरणाचा डिजिटल ऐवज सांभाळण्याचे सगळे शास्त्र या एका फरकाभोवती फिरते. प्रत काढणे ही एक गोष्ट आणि ती प्रत मुळाबरहुकूम आहे हे सिद्ध करणे ही दुसरी.

तासाला एक टेराबाइट

पूर्वी कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म डब्यात बंद होऊन लॅबमध्ये जाई आणि तिथे निगेटिव्ह तयार होई. निगेटिव्हला हात लावतानाही लोक मोजे घालत. आज त्या निगेटिव्हची जागा तळहातावर मावणाऱ्या मेमरी कार्डाने घेतली आहे. फरक असा, की फिल्म एकदाच वापरली जाई. कार्ड मात्र रिकामे करून तासाभरात पुन्हा कॅमेऱ्यात जाते. म्हणजे मूळ ऐवज रोज अनेकदा, जाणूनबुजून पुसला जातो. तो पुसण्यापूर्वी प्रत पक्की आहे की नाही, एवढ्या एका निर्णयावर दिवसाचे काम अवलंबून असते.

या ऐवजाचा आकार किती, याचा हिशेब सोपा आहे. फोर-के चित्राच्या एका फ्रेममध्ये ४०९६ गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८८ लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूची माहिती १२ बिटांत साठवली, तर एक फ्रेम सुमारे १३ मेगाबाइटची होते. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर मिनिटाला १९ गिगाबाइट आणि तासाला सुमारे १.१५ टेराबाइट! दोन कॅमेऱ्यांनी दिवसभरात प्रत्येकी तीन तास चित्रण केले, तर सात टेराबाइट. त्याच्या तीन प्रती म्हणजे एकवीस. हा हिशेब न दाबलेल्या, ‘रॉ’ स्वरूपातल्या चित्रणाचा आहे. अनेक निर्मितींत माहिती काही प्रमाणात दाबून साठवतात, त्यामुळे आकडा कमी होतो. तरीही घरातल्या संगणकाच्या मानाने तो प्रचंडच राहतो.

साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला अडीचशे मेगाबाइट या वेगाने एक टेराबाइट उतरवायला तास उलटून जातो. प्रत तपासायची तर ती पुन्हा वाचावी लागते, म्हणजे आणखी तेवढाच वेळ. इकडे कॅमेरा विभागाला कार्ड लगेच परत हवे असते, सूर्य कलत असतो, कलाकाराची तारीख संपत असते. तपासणी टाळण्याचा मोह होतो तो इथे.

प्रत्येक साधनाचे दुखणे वेगळे

माहिती ज्या साधनांवर साठवली जाते, ती बिघडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत. कार्ड आणि एसएसडी यांत फ्लॅश मेमरी असते. त्यात हलणारा एकही भाग नसतो. सिलिकॉनमधल्या अतिसूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो आणि त्या भाराच्या प्रमाणावरून शून्य की एक हे ठरते. हा भार कायमचा टिकत नाही, हळूहळू झिरपतो. उष्णतेत हे झिरपणे वेगाने होते. म्हणून वीजजोडणीविना वर्षानुवर्षे कपाटात पडलेला एसएसडी हा सुरक्षित ठेवा नव्हे आणि उन्हाळ्यात बंद गाडीच्या काचेआड ठेवलेली कार्डे तर नाहीतच.

हार्ड डिस्कचे दुखणे यांत्रिक असते. तिच्यातली चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि वाचणारे टोक तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाचा केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे अंतर किती कमी आहे याची कल्पना यावी. चालू डिस्क टेबलावरून पडली, की टोक चकतीवर घासते आणि तिथली माहिती खरवडून निघते.

तिसरा धोका यांच्या मधल्या वाटेवर असतो. सैल झालेली केबल, जनरेटर बंद पडून गेलेली वीज, संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत एखाद्या बिटाची झालेली अदलाबदल. शिवाय संगणक अनेकदा ‘कॉपी पूर्ण’ असे सांगतो, तेव्हा माहितीचा शेवटचा भाग त्याच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो, डिस्कवर पोहोचलेला नसतो. त्याच क्षणी केबल उपटली तर फाइल दिसते, नाव दिसते, कधीकधी आकारही बरोबर दिसतो. आत मात्र भगदाड असते. ते कळते महिन्याभराने, संकलकाच्या टेबलावर. तोवर कार्ड पुसले गेलेले असते आणि सेट मोडलेला असतो.

आधारचा बारावा आकडा

मग अब्जावधी बिटांपैकी एकही बिट बदललेला नाही, हे ओळखायचे कसे? त्यामागची कल्पना प्रत्येकाच्या पाकिटात आहे. आधार क्रमांकाचे बारा आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा स्वतंत्र नसतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणितज्ञ याकोबुस व्हरहूफ यांची ही पद्धत आहे. क्रमांक भरताना एक आकडा चुकला किंवा शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर शेवटचा आकडा जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

चित्रीकरणाच्या फाइलसाठी याच कल्पनेचा मोठा भाऊ वापरला जातो. त्याला ‘चेकसम’ म्हणतात. फाइल कितीही मोठी असो, एक गणिती प्रक्रिया ती पूर्ण वाचते आणि तिचा एक छोटा ठसा काढते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली तयार केलेली ‘एमडी-५’ ही पद्धत ३२ चिन्हांचा ठसा देते. मूळ फाइलमध्ये एक बिट जरी बदलला, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. एखाद्याने मुद्दाम केलेली फसवणूक पकडायला एमडी-५ आता पुरेशी मानली जात नाही. पण केबल, वीज किंवा डिस्क यांमुळे झालेल्या अपघाती चुका पकडायला ती चालते. सेटवर आता ‘एक्सएक्सहॅश’ ही अधिक वेगवान पद्धतही मोठ्या प्रमाणावर वापरतात.

सेटवर ही जबाबदारी सांभाळणाऱ्याला ‘डीआयटी’ किंवा ‘डेटा रँगलर’ म्हणतात. तो कार्डावरची प्रत्येक फाइल वाचताना तिचा ठसा काढतो, ती दोन किंवा तीन डिस्कवर उतरवतो आणि मग त्या डिस्कवरून फाइल पुन्हा वाचून नव्याने ठसा काढतो. दोन्ही ठसे जुळले तरच प्रत पक्की. ठशांची यादी चित्रणासोबत पुढे पाठवली जाते, म्हणजे संकलनाच्या खोलीत किंवा पाच वर्षांनी संग्रहालयातही कुणाला तीच तपासणी पुन्हा करता येते. या याद्यांचे स्वरूप सगळीकडे सारखे असावे म्हणून अमेरिकन सोसायटी ऑफ सिनेमॅटोग्राफर्सने एक मानकही ठरवले आहे.

चेकसमलाही मर्यादा आहे. प्रत कार्डासारखी आहे, एवढेच तो सांगतो. कार्डावर जे आले तेच बिघडलेले असेल, तर बिघाडाची तंतोतंत प्रत निघेल. एखादे कार्डच उतरवायचे राहून गेले, तर ठसा काढायला फाइलच नसेल. म्हणून दोन जुन्या सवयी अजूनही लागतात. कॅमेरा विभागाच्या कागदावरील क्लिपची संख्या आणि डिस्कवरची संख्या जुळवणे आणि निदान काही क्लिप प्रत्यक्ष चालवून पाहणे.

रात्री साडेदहाचा धोका

साधनांपेक्षा कमी बोलला जाणारा धोका माणसाच्या शरीरात असतो. पॅकअप झाले की युनिट सुटते. डीआयटीचे काम त्यानंतर वाढते. दिवसातली शेवटची कार्डे त्याच्याकडे तेव्हा येतात. पहाटे साडेपाचला उठून सेटवर आलेला माणूस रात्री साडेदहाला सतरा तास जागा असतो.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांचा १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवण्यासारखा आहे. त्यांनी काही लोकांना जागे ठेवले आणि वेगळ्या वेळी त्याच लोकांना मद्य देऊन हात आणि डोळे यांच्या समन्वयाची तीच चाचणी घेतली. सलग सतरा तास जागरण झाल्यावर कामगिरी जितकी घसरली, तितकीच ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना घसरते. चोवीस तासांनंतर हे प्रमाण ०.१० टक्क्याच्या बरोबरीचे होते. भारतात वाहन चालवताना कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थोडक्यात, ज्या अवस्थेशी तुल्य अवस्थेत गाडी चालवणे गुन्हा ठरते, त्या अवस्थेत कोट्यवधी रुपयांच्या कामाचे ‘हे कार्ड पुसू का?’ या प्रश्नाचे उत्तर दिले जाते.

दमलेल्या माणसाला दम देऊन सावध करता येत नाही. म्हणून चांगली युनिट सवयी अशा लावतात, की दमलेल्या हातूनही चूक होऊ नये. भरलेल्या कार्डावर एका रंगाची पट्टी, तपासून झालेल्यावर दुसऱ्या रंगाची. रंग कोणते ते पहिल्याच दिवशी ठरते. भरलेली आणि मोकळी कार्डे वेगवेगळ्या डब्यांत. डीआयटी कार्ड स्वतः पुसत नाही. तो ‘पक्के’ म्हणून परत देतो आणि कॅमेरा विभागातला माणूस दुसऱ्यांदा विचारून मगच कॅमेऱ्यात ते फॉरमॅट करतो. एकाच्या नजरचुकीला दुसऱ्याची नजर आडवी येते. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे नाव आणि शस्त्रक्रियेची जागा मोठ्याने म्हणून पक्की केली जाते, त्यामागचे तत्त्वही हेच. आणि सगळ्यांत साधा उपाय म्हणजे पुरेशी कार्डे बाळगणे. रात्रीची कार्डे सकाळपर्यंत न पुसता ठेवता आली, तर दमलेल्या मेंदूवर निर्णयाचा भारच येत नाही.

तीन, दोन, एक

प्रती किती आणि कुठे ठेवाव्यात, याचा जगभर वापरला जाणारा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी लोकप्रिय केला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली किमान एक दुसऱ्या ठिकाणी. कारण सरळ आहे. एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन डिस्क एकाच दोषाने एकाच सुमारास बंद पडू शकतात. आणि एकाच गाडीत एकाच बॅगेत असलेल्या दोन प्रती म्हणजे अपघात, चोरी किंवा पुरापुढे एकच प्रत.

अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या ‘रेड’ रचनेला काही जण बॅकअप समजतात. त्या रचनेत एखादी डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते, हे खरे. पण फाइल पुसण्याची आज्ञा ती सगळ्या डिस्कवर तितक्याच इमानाने पाळते. बॅकअपचे काम यंत्राच्या बिघाडापासून वाचवण्याइतकेच माणसाच्या चुकीपासून वाचवण्याचे आहे.

क्लाउडचा पर्यायही तपासून घ्यावा लागतो. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाची जोडणी अखंड मिळाली, तरी एक टेराबाइट वर चढवायला बावीस तास लागतात. गावाबाहेरच्या चित्रीकरणात हा वेग स्वप्नवतच. म्हणून आजही डिस्क माणसाच्या हातूनच प्रवास करतात, वेगवेगळ्या गाड्यांतून. त्या वाटेत हरवल्या तर चित्रण परक्या हाती पडू नये म्हणून त्यांवरची माहिती कूटबद्ध करतात आणि ज्या संगणकावर चित्रण उतरवले जाते तो शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवतात. २०१४ मध्ये सोनी पिक्चर्सच्या संगणकजाळ्यात शिरलेल्यांनी ‘ॲनी’सारखे चित्रपट प्रदर्शनाआधीच इंटरनेटवर पसरवले होते.

मोठ्या निर्मितीत तिसरी प्रत ‘एलटीओ’ या चुंबकीय टेपवर घेतात. कॅसेटच्या काळातले वाटणारे हे तंत्र आजही जोमात आहे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एका टेपवर १८ टेराबाइट मावतात. टेप यंत्राबाहेर काढून कपाटात ठेवली, की तिला वीज लागत नाही आणि खंडणीखोर व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

जपणे म्हणजे पुन्हा पुन्हा उतरवणे

चित्रपट प्रदर्शित झाला, की निर्मात्याचे लक्ष पुढच्या कामाकडे वळते. डिस्क कपाटात जातात. पण डिजिटल ऐवज कपाटात ठेवून टिकत नाही. टेप तीस वर्षे टिकते असे कंपन्या सांगतात; ती वाचणारे यंत्र तेवढे टिकेल याची हमी नसते. आठव्या पिढीचे एलटीओ यंत्र सातव्या पिढीपर्यंतच्याच टेप वाचते, सहावीच्या वाचत नाही. त्यामुळे दर काही वर्षांनी सगळा साठा नव्या साधनावर उतरवणे आणि ठसे पुन्हा जुळवणे याला पर्याय नाही. अमेरिकेच्या ऑस्कर अकादमीने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, चित्रपटाची फोर-के डिजिटल मूळ प्रत सांभाळण्याचा वार्षिक खर्च १२,५१४ डॉलर, तर फिल्मवरची प्रत सांभाळण्याचा १,०५९ डॉलर असल्याचे म्हटले होते. त्यानंतर साठवणुकीची साधने स्वस्त झाली, पण खर्च दर काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो, हे बदललेले नाही.

फिल्म तरी निर्धोक होती असे नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत ज्ञात नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून हजारो रिळे गेली. नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. पण फिल्मचे नुकसान निदान दिसते. तिचा वास येतो, ती आकसते, तिच्यावर डाग पडतात. जपणाऱ्याला सूचना मिळते. फाइल मात्र अखेरच्या दिवसापर्यंत जशीच्या तशी दिसते आणि एके दिवशी उघडत नाही. म्हणून डिजिटल ऐवजाला ठरलेल्या दिवशी तपासणारा माणूस लागतो, आणि कमी बजेटच्या मराठी चित्रपटांत नेमकी तीच तरतूद अंदाजपत्रकात शेवटी येते किंवा येतच नाही.

घरातला खजिना

हे सगळे केवळ चित्रपटवाल्यांसाठी नाही. लग्नाचे चित्रण, बाळाची पहिली पावले, गेलेल्या आजीचा आवाज आज अशाच फाइलमध्ये आहे आणि अनेक घरांत त्याची प्रत एकच असते. तीही हातातल्या फोनमध्ये. मोलाच्या फाइल निदान दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या घरी, भावाबहिणीकडे किंवा क्लाउडवर असावी. लग्नाच्या छायाचित्रकाराने दिलेला पेनड्राइव्ह ही साठवण नव्हे. तो मिळताच उतरवून घ्यावा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ दाबून लहान केलेले असतात, त्यामुळे ते मुळाची जागा घेऊ शकत नाहीत. फोन रिकामा करण्याआधी नव्या जागेवरच्या काही फाइल उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात आणि फाइलची संख्या जुळवावी. पेनड्राइव्ह किंवा डिस्क काढताना संगणकाला ‘इजेक्ट’ सांगूनच काढावी.

यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. वर्षातला एक दिवस ठरवावा, दिवाळीच्या साफसफाईतला चालेल, आणि कपाटातली डिस्क जोडून ती अजून उघडते का, हे पाहावे. उघडली नाही, तर दुसरी प्रत शाबूत असताना ते कळलेले बरे.